तळहाताखालचे क्षितिज

मी एक जुना क्षितिजदर्शक आहे आणि सध्या माझा मुक्काम एका लाकडाच्या वखारीतील फळीवर आहे. मित्रांनो, माझे नाव ऐकून तुम्ही बुचकळ्यात पडाल याची मला जाणीव आहे, म्हणून प्रथम माझा परिचय करून देतो. लहान विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर घड्याळासारखी गोल यंत्रे बसविलेली असतात. त्यांपैकी वरच्या रांगेत, अगदी मधोमध, मानाच्या जागी जे असते ते मी. माझ्या काचेमागे वरचा भाग निळा व खालचा भाग तपकिरी आहे. निळे म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे जमीन आणि दोहोंमधील पांढरी रेघ म्हणजे क्षितिज. विमान एका अंगाला कलले की ती रेघ तिरपी होते. विमानाने नाक खाली घातले की तपकिरी रंग वर चढतो. लोक मला सुटसुटीतपणे ‘होरायझन’ म्हणतात.

तुम्ही विचाराल की, खरे क्षितिज बाहेर दिसत असताना या डबीतील क्षितिजाची गरज ती काय? गरज आहे. विमान ढगात शिरले किंवा अंधार पडला म्हणजे बाहेर काहीच दिसत नाही. अशा वेळी माणसाचे शरीर त्याला दगा देते. विमान एका बाजूला वळत असले तरी बसलेल्यास वाटते की आपण सरळ चाललो आहोत, आणि हे वाटणे इतके पक्के असते की भल्याभल्यांनी त्यावर विश्वास ठेवून प्राण गमावले आहेत. तेथे माझी गरज भासते.

माझ्या पोटात पितळेचा एक जड भोवरा आहे. तुम्ही भोवरा फिरविला असेलच. तो वेगाने फिरतो तोवर ताठ उभा राहतो. त्याच्या खालची पाटी तुम्ही तिरपी केलीत तरी तो आपला ताठपणा सोडीत नाही. माझेही तसेच. विमान कसेही कलो, माझा भोवरा सरळ राहतो, आणि म्हणूनच सरळ म्हणजे काय हे मला ठाऊक असते. हा भोवरा हवेच्या झोताने फिरतो. इंजिनाच्या पाठीशी जोडलेला एक छोटा पंप माझ्या पेटीतील हवा सतत ओढून घेतो. मग बाहेरची हवा गाळणीतून आत येते आणि भोवऱ्याच्या कडेवर आदळते. हाच माझा श्वास होय.

परंतु माझ्या सर्व दुःखाचे मूळही येथेच आहे. पंप बंद पडला तरी भोवरा लगेच पडत नाही. तो गतीच्या जोरावर फिरत राहतो, हळूहळू मंदावतो, हळूहळू कलतो. त्या काळात माझा चेहरा मात्र पूर्वीइतकाच खरा दिसतो.

माझा जन्म एका कारखान्यातील अत्यंत स्वच्छ खोलीत झाला. तेथे धुळीचा कणही चालत नसे. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझा भोवरा तोलला. त्या तो फिरवून पाहत, पुन्हा थांबवीत आणि केसाएवढे पितळ घासून काढीत. पहिल्या खेपेस मी डावीकडे झुकलो तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, “हा लबाड दिसतोय गं. सारखा डावीकडे झुकतो.”

शेजारीण मान वर न करता म्हणाली, “तुझ्या नवऱ्यावर गेलाय.”

बाई हसल्या, परंतु त्यांनी मला तसेच सोडले नाही. मी सरळ उभा राहीपर्यंत त्यांनी मला खाली ठेवले नाही. आजही मला त्या बोटांची आठवण येते.

पुढे कित्येक वर्षे मी एका उड्डाणशाळेच्या विमानात नोकरी केली. शिकणाऱ्यांच्या कपाळावर एक झापड बांधीत, म्हणजे त्यांना खिडकीबाहेरचे काही दिसू नये. ते घामाघूम होऊन माझ्याकडे टक लावून पाहत. मास्तर ओरडत, “पोटात काय वाटतंय ते मला सांगू नकोस, होरायझन काय सांगतो ते सांग.” माझ्याविषयी याहून मोठे प्रशंसेचे उद्गार मी कधी ऐकले नाहीत. माझ्या शब्दावर माणसे आपल्या पोटावरचाही विश्वास सोडीत असत.

शाळेने ते विमान विकले आणि मी दोन मालकांचा झालो. त्यांपैकी एक दातांचे डॉक्टर होते आणि दुसरे लाकडाच्या वखारीचे मालक, म्हणजे डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. डॉक्टर त्यांना दाजी म्हणत, म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणतो. दोघांनाही विमान चालविण्याचा परवाना होता, परंतु एक फरक होता. डॉक्टरांनी यंत्रांच्या आधारे ढगातून व रात्री उडण्याचे शिक्षण घेतले होते. दाजींनी ते घेतले नव्हते आणि त्यांना ते नकोही होते.

या विषयावर त्यांचा वाद नित्याचा होता. विमान शेडमध्ये ढकलून झाले की दोघे पंखाखाली लोखंडी खुर्च्या टाकून बसत. ताई, म्हणजे डॉक्टरांची बहीण, थर्मासमधून चहा आणीत असे.

“एकच इंजिन,” दाजी म्हणत. “ते दिवसा बंद पडलं तर शेत दिसतं, रस्ता दिसतो. रात्री बंद पडलं तर काय दिसणार? काळोख. त्यात उतरायचं कुठे?”

“दिवसा डोंगरावर बंद पडलं तरी कुठे उतरणार? धोका सगळीकडे आहे, दाजी. आपण तो मोजायचा, कमी करायचा आणि मग जायचं. मी दर महिन्याला सराव करतो. तुम्ही करता का?”

“मी घरी बसतो. घरी बसायला सराव लागत नाही.”

“माझ्या दवाखान्यात खुर्चीत बसलात की डोळे मिटून घेता. तिथे माझ्यावर विश्वास ठेवता ना?”

“तिथे मी जमिनीवर असतो. फारच झालं तर उठून पळता येतं.”

ताई कप गोळा करीत म्हणे, “तुम्हा दोघांचा मिळून एक शहाणा माणूस होतो. पण तो बिचारा कधी एकटा उडत नाही.”

ताईचे हे बोलणे थट्टेचे असले तरी त्यात तथ्य होते, कारण दोघांनी आपसांत एक करार केला होता. जो उडणार नाही त्याला ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार होता. त्याने ते दोन शब्द उच्चारले की विमान बाहेर काढायचे नाही, कारण विचारायचे नाही आणि तोंडही पाडायचे नाही. डॉक्टरांना ढगांची भीती नव्हती. दाजींना होती. त्यामुळे ‘आज नको’ हे शब्द बहुधा दाजींच्याच तोंडून निघत, आणि डॉक्टर गुमान चावी खिशात टाकून दवाखान्यात परत जात. मला सांगण्यास अभिमान वाटतो की, त्या कराराने पुष्कळ वर्षे आम्हा सर्वांचे रक्षण केले.

आता माझ्या पंपाविषयी सांगतो. विमानाची देखभाल करणारे मिस्त्री वार्षिक तपासणीच्या वेळी म्हणाले होते की, पंप जुना झाला आहे, बदललेला बरा. हा पंप कुरकुरत नाही, गळत नाही, आगाऊ सूचना देत नाही. तो चालतो आणि एके दिवशी एकदम मोडतो. परंतु नवा पंप यावयास वेळ लागणार होता, आणि तो उड्डाणाचा उत्तम मोसम होता.

“व्यवस्थित चालतोय की,” डॉक्टर म्हणाले. “मोसम संपला की बदलू.”

दाजींनीही मान डोलावली. दाजी दिवसा, स्वच्छ हवेत उडत. त्यांना माझी गरज क्वचितच पडे. ज्याची आपल्याला गरज पडत नाही त्याच्या श्वासाची चौकशी कोण करतो?

पंप चालू आहे की नाही हे सांगणारा एक बारीकसा काटाही असतो. तो विमानातील यंत्रांच्या फळीच्या अगदी उजव्या कोपऱ्यात, नाण्याएवढ्या तबकडीत बसविलेला होता. तो सदैव हिरव्या पट्ट्यात असे. डॉक्टरांनी नकाशा पाहण्यासाठी नवा टॅब घेतला तेव्हा तो अडकविण्यास दुसरी जागा नव्हती. त्यांनी त्याची पकड नेमकी त्या काट्यासमोर बसविली. दाजींनी विचारले, “खाली काहीतरी झाकलं जातंय का रे?” डॉक्टर म्हणाले, “सक्शनचा काटा आहे. त्यात काय बघायचंय, तो नेहमी हिरव्यातच असतो.” आणि तेवढ्यावर विषय संपला. माझ्या आजारपणाची बातमी देणाऱ्या एकमेव साक्षीदाराच्या तोंडावर अशा रीतीने पडदा पडला, आणि तो दोन शहाण्या माणसांनी प्रेमाने पाडला.

मोसम संपत आला होता. त्या दिवशी दुपारी दाजींना फोन आला. त्यांची आई डोंगरापलीकडच्या गावी राहत असे. ती अंगणात पडली होती, आणि तिला पाहून गेलेल्या वैद्यांनी सांगितले होते की ज्यांना यावयाचे आहे त्यांनी आजच यावे. मोटारीने घाटातून तिकडे जाण्यास मध्यरात्र झाली असती. विमानाने तासाभराचे काम होते.

मी हे सर्व शेडमध्ये ऐकले, कारण विमानाचे दार उघडे होते. डोंगरावर ढग बसले होते. पलीकडच्या गावी ढग उंचावर होते व उतरण्यापुरते दिसत होते, परंतु अंधार पडण्यास फार अवकाश नव्हता. डॉक्टरांनी टॅबवर हवामान पाहिले, पुन्हा पाहिले, नंतर दाजींकडे पाहिले.

मित्रांनो, त्या दृष्टीचा अर्थ मला समजला. ते ‘आज नको’ या शब्दांची वाट पाहत होते. उडणारे डॉक्टर होते, म्हणून नकाराचा अधिकार दाजींचा होता. आणि दाजींचीच आई मरणाच्या दारात होती. कराराच्या वेळी या गोष्टीचा विचार त्या दोघांपैकी एकानेही केला नव्हता.

दाजींनी मान खाली घातली. ते बुटाची नाडी बांधू लागले, जरी ती आधीच बांधलेली होती.

ताई म्हणाली, “अहो, मोटारीने जाऊ. मी चालवते. तुम्ही मागे पडून राहा.”

“मोटारीने गेलो तर ती वाट बघत बघत जाईल.”

“आणि विमानाने?”

“विमानाने मी तिथे असेन.”

ताईने भावाकडे पाहिले. “तुला काय वाटतं?”

“जमेल,” डॉक्टर म्हणाले. नंतर थोडे थांबून म्हणाले, “जमायला हवं.”

ताईने आणखी वाद घातला नाही. तिने मोटारीची चावी घेतली आणि म्हणाली, “मग मी रस्त्याने निघते. कोणीतरी एकजण तरी पोचू दे.” ती गेली तेव्हा आमचे इंजिन सुरू झाले होते.

आम्ही आकाशात चढलो. प्रारंभी खाली शेते दिसत होती, नंतर डोंगराचे पाय दिसू लागले, नंतर सर्वत्र राखाडी रंग पसरला. डॉक्टर खिडकीबाहेर पाहणे सोडून माझ्याकडे पाहू लागले. त्यांची नजर मजवरून उंचीच्या घड्याळाकडे जाई, वेगाच्या घड्याळाकडे जाई आणि परत मजवर येई. त्यांचे हात हलके होते. दाजी उजव्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले होते व अधूनमधून म्हणत, “अजून किती?” डॉक्टर म्हणत, “आलोच.”

त्याच राखाडी काळात माझा पंप मोडला.

त्याचा आवाज झाला नाही. मला फक्त एवढेच जाणवले की, हवेचा झोत येईनासा झाला. प्रथम मी घाबरलो नाही. भोवरा वेगात होता, रेघ सरळ होती. नंतर भोवऱ्याच्या मानेत एक थकवा शिरला, आणि मी डावीकडे झुकू लागलो. अगदी थोडा. विमान सरळ असताना मी डॉक्टरांना सांगू लागलो की, विमान डावीकडे कलले आहे.

डॉक्टर आज्ञाधारक होते. त्यांनी सुकाणू किंचित उजवीकडे वळविले, म्हणजे माझी रेघ सरळ झाली. मी पुन्हा झुकलो. त्यांनी पुन्हा सरळ केले. प्रत्येक वेळी माझी रेघ त्यांच्यासाठी सरळ होत होती आणि खरे विमान उजवीकडे अधिकाधिक कलत होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. ‘माझ्याकडे पाहू नका,’ एवढे तीन शब्द मला हवे होते. परंतु मला एकच भाषा येते, ती त्या पांढऱ्या रेघेची, आणि त्या भाषेत मी खोटे बोलत होतो व मला थांबता येत नव्हते. मित्रांनो, ज्या माणसाने तुमच्यावर सर्व भार टाकला आहे त्याला आपल्या हाताने कड्याकडे नेणे, आणि त्याने वाटभर कृतज्ञतेने आपल्याकडे पाहत राहणे, याहून भयंकर अवस्था मला ठाऊक नाही.

दाजी एकाएकी म्हणाले, “आवाज वाढलाय.”

“कसला?”

“वाऱ्याचा. काचेवरचा. मघाशी एवढा नव्हता.”

डॉक्टरांनी वेगाच्या घड्याळाकडे पाहिले. वेग वाढत होता. उंचीचा काटा उतरत होता. त्यांनी सुकाणू मागे ओढले. विमान कललेले असल्यामुळे ते वर न जाता अधिकच गोल फिरू लागले. वेग आणखी वाढला. खुर्च्यांनी दोघांना खाली दाबून धरले.

“डॉक्टर, काय होतंय?”

“काही नाही. सरळ आहोत. हे बघा, होरायझन सरळ आहे.”

“मग ती खालची सुई उजवीकडे का पडलीय?”

ती सुई म्हणजे वळण दाखविणारे छोटे यंत्र. ते विजेवर चालते, म्हणून त्याचा श्वास वेगळा होता. त्यातील इवल्या विमानाचा उजवा पंख पूर्ण खाली होता. डॉक्टरांची नजर तिकडे गेली, माझ्याकडे आली, पुन्हा तिकडे गेली. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. ज्या माणसाने वर्षानुवर्षे माझ्या शब्दाखातर आपल्या शरीराचे ऐकले नाही, त्याला आता माझा शब्द टाकून एका बारक्या सुईचे ऐकावयाचे होते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ वेळ नव्हता. ते गोठून गेले होते.

“टॅब काढा,” ते शेवटी म्हणाले. “त्याच्या मागे काटा आहे. दाजी, टॅब काढा, काटा कुठे आहे ते सांगा.”

दाजींनी पकडीसकट टॅब उपटला. तो त्यांच्या पायांत पडला. “खाली,” ते म्हणाले. “एकदम खाली पडलाय. शून्यावर.”

“होरायझन मेलाय,” डॉक्टर म्हणाले.

आणि तरीही मी त्यांचे डोळे पाहिले. ते मजवरून हटत नव्हते. त्यांना कळले होते, परंतु इतक्या वर्षांची सवय कळण्याने सुटत नाही. त्यांचा हात अजूनही माझ्या रेघेप्रमाणे वळू पाहत होता. दाजींनीही ते पाहिले असावे. त्यांनी आपला डावा हात खालून वर आणला, म्हणजे माझ्या उजवीकडचे उंचीचे घड्याळ उघडे राहिले, आणि त्यांनी आपला रुंद, लाकडाने घट्टे पडलेला तळहात माझ्या काचेवर दाबला. माझ्या खालचे दिशा दाखविणारे चक्रही माझ्याच पंपावर जगत असे. ते त्यांच्या मनगटाखाली गेले.

“याच्याकडे बघू नकोस,” दाजी म्हणाले. “सुईकडे बघ.”

यापुढील मी काही पाहिले नाही. मी केवळ ऐकले. वाऱ्याचा आवाज हळूहळू उतरला, कारण डॉक्टरांनी इंजिनाचा जोर कमी केला व सुईवर नजर ठेवून विमान सरळ केले. पुष्कळ उंची गेली होती. दाजी ती मोठ्याने वाचत होते, कारण डॉक्टर म्हणाले होते, “बोलत राहा दाजी, काहीही बोला, उंची बोला.” एकदा दाजींचा आवाज मध्येच थांबला. डोंगराच्या उंचीच्या अगदी जवळ आम्ही आलो असावेत. नंतर तो पुन्हा सुरू झाला, आणि आकडे चढू लागले.

डॉक्टरांनी रेडिओवर मदत मागितली. पलीकडून एका स्त्रीचा शांत आवाज आला. ती म्हणाली की, दाजींच्या आईच्या गावी जाण्याचा विचार आता सोडून द्यावा. तेथे दिशा दाखविणारे कोणी नाही. ती आम्हाला मागे, सपाटीवरच्या मोठ्या विमानतळावर नेईल.

“आई तिकडे आहे,” दाजी म्हणाले. ते रेडिओत बोलले नाहीत. ते कोणालाच उद्देशून बोलले नाहीत.

डॉक्टर सुईवर नजर ठेवून होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “दाजी, सांगा. तिकडेच जाऊ का?”

माझ्या काचेवरचा तळहात ओला झाला होता. मित्रांनो, मी पितळेचा आहे, तरी तो प्रश्न मला ऐकवेना. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायकोचा भाऊ, आणि मध्ये हा हात.

“नको,” दाजी म्हणाले. “मागे चल.”

रेडिओवरील ती स्त्री म्हणाली, “मी सांगेन तेव्हा वळा, मी सांगेन तेव्हा थांबा. उत्तर देऊ नका, फक्त करा.” आणि ती बोलू लागली. “उजवीकडे वळा.” बराच वेळ शांतता. “थांबा.” पुन्हा शांतता. “डावीकडे वळा. थांबा. आता उतरायला सुरुवात करा.” तिने एकदाही आवाज चढविला नाही. दाजींनी हात तसाच लांब करून धरला होता, आणि ते श्रमाचे काम आहे. “हात दुखतोय,” ते म्हणाले. “काढू नका,” डॉक्टर म्हणाले. “अजिबात काढू नका, मला तो दिसला की मी त्याचंच ऐकेन.”

नंतर दाजी म्हणाले, “दिवे.” ढग संपले होते. थोड्याच वेळाने चाके जमिनीला लागली.

इंजिन बंद झाल्यावरही तळहात माझ्या काचेवरून निघाला नाही.

“दाजी, हात काढा आता.”

“काढतो,” दाजी म्हणाले, आणि काढला नाही.

पुढील हकीकत मी पाहिलेली नाही. ती नंतर या वखारीत, माझ्यासमोर बसून, दाजींनी व ताईने एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितली, त्यावरून मला ठाऊक झाली. त्या विमानतळावरून आईच्या गावचा रस्ता घरापासूनच्या रस्त्याहूनही लांब होता. दोघांनी भाड्याची मोटार केली, आणि घाटात धुक्यामुळे ती गोगलगायीसारखी चालली. दोघे पोचले तेव्हा सकाळ झाली होती. आई पहाटेपूर्वीच गेली होती. ताई मात्र रात्रीच पोचली होती आणि आईचा हात शेवटपर्यंत तिच्या हातात होता.

“त्या शुद्धीवर होत्या,” ताईने सांगितले. “विचारलं, तो कुठाय. मी म्हटलं, विमानाने निघालाय, वर आहे, येतोच. तर म्हणाल्या, वर आहे? मग वाटेत भेटेल.”

दाजी हसले. हसता हसता त्यांनी कपाळ टेबलावर टेकले आणि बराच वेळ वर केले नाही. दुपारी ताईबरोबर मोटारीत बसले असते तर ते आईपाशी पोचले असते. ही गोष्ट कोणी बोलून दाखविली नाही. ती त्या खोलीत सर्वांना ठाऊक होती.

डॉक्टर पुष्कळ दिवस वखारीकडे फिरकले नाहीत. आले तेव्हा उभ्याउभ्याच म्हणाले, “मी विचारायला हवं होतं. मोठ्याने.”

“तू बघितलंस माझ्याकडे,” दाजी म्हणाले. “मी बुटाकडे बघत बसलो. बस खाली, चहा घे.”

विमानाला नवा पंप बसला. माझ्या जागी विजेवर चालणारा नवा क्षितिजदर्शक आला, आणि त्याच्या शेजारी स्वतंत्र बॅटरीवर चालणारा दुसरा. टॅब आता डॉक्टरांच्या मांडीवर असतो. करारातही बदल झाला: ज्या दिवशी उड्डाणात दोघांपैकी कोणाचीही निकड असेल, त्या दिवशी ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार ताईचा. ताईने तो दोनदा वापरला आहे, आणि एकदा तर निव्वळ डॉक्टरांचा चेहरा आवडला नाही म्हणून. डॉक्टर आजही ढगातून उडतात. दाजी आजही ढगात शिरत नाहीत. दोघांचा वाद पूर्वीसारखाच चालतो, फक्त दोघेही आता एकमेकांचे पूर्ण ऐकून घेतात.

मिस्त्रींनी मला काढले तेव्हा तपासून सांगितले होते की, माझ्यात काहीही दोष नाही. दाजींनी मला या वखारीत आणले. एके दिवशी कामगार गेल्यानंतर त्यांनी भुसा ओढणाऱ्या यंत्राची नळी आणली, तिचे तोंड अर्धे उघडे ठेवून ती माझ्या पाठीला लावली आणि यंत्र सुरू केले. मित्रांनो, माझ्यात पुन्हा श्वास आला. भोवरा फिरू लागला, रेघ उठली, आणि मी वखारीच्या टेबलावर अगदी सरळ उभा राहिलो. दाजी माझ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे तू ठीकच होतास,” ते म्हणाले. मग त्यांनी नळी काढली आणि माझी रेघ पूर्ण पडेपर्यंत ते हलले नाहीत. त्याला फार वेळ लागला. इतका वेळ लागतो हे पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

आता सुटीच्या दिवशी नवे वैमानिक येथे येतात. कोणी शिक्षक आहे, कोणी दुकानदार, एक नर्सबाईही आहे. सर्वांना रात्रीच्या व ढगातील उड्डाणाचे शिक्षण घ्यावे की न घ्यावे, हे ठरवावयाचे असते. दाजी त्यांना ‘घ्या’ म्हणत नाहीत व ‘घेऊ नका’ असेही म्हणत नाहीत. ते यंत्र सुरू करतात, मला उभे करतात आणि आपल्या आईची हकीकत सांगू लागतात. सांगता सांगता एक हात माझ्या पाठीमागे नेऊन नळी हळूच काढून घेतात. यंत्राची घरघर चालूच राहते. सर्वांची नजर मजवर खिळलेली असते. हकीकत संपते तेव्हा दाजी विचारतात, “सांगा, हा सरळ आहे का?”

सर्वजण निरखून पाहतात. मी त्या वेळी स्पष्ट झुकलेला असतो. आणि दर वेळी कोणीतरी, अगदी मनापासून, म्हणते, “सरळच आहे की.”

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हास हात जोडून विनंती आहे. ज्यांच्यावर तुम्ही विसंबता त्यांचा केवळ चेहरा पुसून चकचकीत ठेवू नका, त्यांच्या पाठीमागे जे झिजते आहे ते वेळेवर बदला. ज्या काट्यावर सर्व काही अवलंबून आहे त्याच्यासमोर काही टांगू नका, तो कितीही दिवस हिरव्यात असो. आणि ज्या दिवशी तुम्हाला कोठेतरी पोचण्याची फार निकड असेल, त्या दिवशी ज्याला निकड नाही अशा आपल्या माणसाला मोठ्याने विचारा, आणि तो नको म्हणाला तर चावी त्याच्या हातात द्या. दाजींना आईपाशी पोचता आले नाही. तुम्ही पोचा.